पॉप-अप कॅम्परमध्ये साठवणीची जागा वाढवणारे बदल: वापरानंतरचे परीक्षण

मोटारीमागे ओढून न्यायचा, बंद असताना छातीएवढ्या उंचीची पेटी आणि उघडल्यावर कॅनव्हासच्या भिंतींची खोली होणारा पॉप-अप कॅम्पर वापरणाऱ्यांची मुख्य तक्रार सामान ठेवण्याच्या जागेची असते. ही जागा वाढवण्यासाठी बाजारात बरीच साधने मिळतात आणि सुतारकामाची सवय असलेला माणूस त्यांतले पुष्कळसे काम स्वतःच करू शकतो. दोन्ही टोकांना बाहेर सरकणारे पलंग, मध्ये समोरासमोर दोन बाक आणि एका बाजूला छोटा ओटा, अशी नेहमीची मांडणी असलेल्या मध्यम आकाराच्या कॅम्परमध्ये हे बदल करून आणि वापरून पाहिल्यानंतरचे मत येथे नोंदवत आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर, नवी जागा निर्माण करणाऱ्या बदलांपेक्षा असलेल्या जागेपर्यंत हात पोहोचवणारे बदल कितीतरी अधिक उपयोगी ठरले, आणि विक्रेत्यांच्या छायाचित्रांत सर्वांत देखणे दिसणारे छतावरचे कॅरिअर या सगळ्यांत तळाला राहिले.

कोणतेही साधन घेण्यापूर्वी कॅम्पर बंद कसा होतो हे नीट पाहणे आवश्यक आहे. पलंग आत सरकतात ते बाकांच्या वरून. बहुतेक बनावटींमध्ये ओटा बिजागरीवर आडवा करून खाली झोपवावा लागतो. मग छत खाली येते आणि गाद्या व छताचा आतला भाग यांच्यात जेमतेम काही सेंटीमीटरची फट उरते. म्हणजे उघडलेल्या कॅम्परमध्ये उभे राहून डोळ्यांसमोर जी भरपूर रिकामी जागा दिसते, तिच्यातील बहुतेक जागा प्रवासात अस्तित्वातच नसते. कायमस्वरूपी बसवलेली प्रत्येक वस्तू सरकत्या पलंगाच्या पातळीखाली राहिली पाहिजे. ही पातळी टेपने मोजता येते, परंतु छत पूर्ण बसल्यावर आत शिरून मोजणे शक्य नसल्याने एक सोपी युक्ती उपयोगी पडते: ओट्यावर आणि बाकांवर मऊ स्पंजचे किंवा मळलेल्या मातीचे उंच गोळे ठेवून छत पूर्ण बंद करावे आणि पुन्हा उघडून ते किती चेपले गेले हे मोजावे. जितकी उंची उरली असेल, तितकीच खरी जागा. तयार कपाटे आणि रॅक विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत बंद अवस्थेतील हा आकडा क्वचितच दिलेला असतो, त्यामुळे लांबी-रुंदीवर भुलून घेतलेले कपाट प्रत्येक वेळी उचलून जमिनीवर ठेवण्याची पाळी येते.

दुसरी मर्यादा वजनाची, आणि ती अधिक कठोर आहे. कॅम्परच्या चौकटीवरील पट्टीवर कमाल एकूण वजन दिलेले असते. त्यातून रिकाम्या कॅम्परचे वजन वजा केले की सामानाच्या वाट्याला उरणारा आकडा मिळतो, आणि लहान कॅम्परमध्ये तो अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो. पाण्याची टाकी ७५ लिटरची असेल तर भरल्यावर ७५ किलो तिथेच गेले. ९ किलो गॅस मावणारा लोखंडी सिलिंडर स्वतःच्या ८ किलो वजनासह १७ किलोंच्या आसपास भरतो आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी २० किलोंच्या वर जाते. एवढ्या तीन गोष्टींतच ११० किलो संपतात, आणि अजून एक भांडेही आत ठेवलेले नसते. म्हणून टाकी रिकामी ठेवून निघणे आणि मुक्कामाच्या ठिकाणी पाणी भरणे हा, शक्य असेल तेथे, कोणत्याही कपाटापेक्षा मोठा बदल ठरतो. सुतारकामाचे वजनही दुर्लक्षित करण्यासारखे नाही. ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद आकाराची १२ मिलिमीटर प्लायवूडची एक शीट लाकडाच्या जातीनुसार साधारण १६ ते २५ किलो भरते. घरच्या फर्निचरच्या सवयीने जाड प्लायवूड वापरून केलेली कपाटे रिकामी असतानाच सामानाच्या वजनातील मोठा हिस्सा खाऊन टाकतात. बारीक लाकडी चौकटीवर ६ मिलिमीटरची शीट ठोकून केलेले काम येथे पुरेसे मजबूत होते.

या पार्श्वभूमीवर ज्या बदलाला मी पाचपैकी पाच गुण देईन, तो बाकांखालच्या पेट्यांचा. कारखान्यातून आलेल्या कॅम्परमध्ये बाकाच्या गादीखाली फळी असते आणि त्या फळीखाली पेटी. पेटीत जागा पुष्कळ, परंतु तिच्यातील वस्तू काढण्यासाठी बसलेल्या माणसाला उठवायचे, गादी उचलायची, फळी काढून कुठेतरी टेकवायची आणि मग तळाशी गेलेला डबा शोधायचा, असा क्रम असतो. परिणामी पेटीचा वरचा थर तेवढा वापरात राहतो आणि खालचे सामान सहलीच्या अखेरीपर्यंत जसेच्या तसे परत येते. बाकाच्या दर्शनी बाजूला दार किंवा खण बसवला की हीच जागा प्रत्यक्षात दुप्पट झाल्यासारखी वाटते, आणि तेही कॅम्परच्या आकारात एका इंचाचीही भर न घालता.

दार की खण, हा प्रश्न मात्र विचारपूर्वक सोडवावा लागतो. खणासाठी घरच्या स्वयंपाकघरात वापरतात तेच टेलिस्कोपिक चॅनेल चालतात. ४५ किलो क्षमतेचे, पूर्ण बाहेर येणारे आणि शक्यतो बंद अवस्थेत अडकून राहणारे चॅनेल निवडावेत. बाजूला बसणाऱ्या नेहमीच्या चॅनेलना प्रत्येक बाजूस १२.७ मिलिमीटर मोकळी जागा लागते. मोकळ्या चौकटीची रुंदी ४० सेंटीमीटर असेल, तर दोन चॅनेल आणि १२ मिलिमीटर जाडीच्या दोन बाजू मिळून जवळपास ५ सेंटीमीटर, म्हणजे आठवा हिस्सा, वाया जातो. शिवाय खणाच्या वरची आणि मागची जागाही काही प्रमाणात रिकामी राहते. दारामध्ये ही नासाडी नसते आणि वजनही अत्यल्प वाढते, पण मागच्या वस्तू काढण्यासाठी गुडघ्यांवर बसावे लागते. माझ्या मते ओट्याजवळच्या बाकाला खण आणि दुसऱ्या बाकाला दारे ही विभागणी योग्य आहे, कारण भांडी, मसाले, चमचे यांना दिवसातून अनेकदा हात लागतो, तर पांघरुणे आणि कपड्यांच्या पिशव्या दाराआडून ओढून काढता येतात. ज्या पेटीत चाकाचा उंचवटा आलेला आहे, तेथे खणाचा हट्ट धरू नये. तिथे दारच बरे.

कापण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे अनिवार्य आहे. बाकाची दर्शनी बाजू म्हणजे बहुधा पातळ प्लायवूडचा पडदा आणि त्याच्यामागे लाकडी पट्ट्यांची चौकट. बाकांवर आडवी फळी टाकून रात्री पलंग केला जातो, तेव्हा झोपणाऱ्यांचा भार याच उभ्या पट्ट्यांवर येतो. पट्ट्यांच्या मधला पडदा कापल्यास काही बिघडत नाही, परंतु मोठे दार हवे म्हणून मधली पट्टी कापली तर वरून आडवा आधार आणि दोन्ही कडांना नवे उभे आधार द्यावे लागतात. त्याच पेट्यांमध्ये अनेकदा पाण्याची टाकी, हीटर आणि विजेचा कन्व्हर्टर (बाहेरून घेतलेली वीज कॅम्परच्या दिव्यांना चालेल अशी करणारे यंत्र) दडलेला असतो. हीटर आणि कन्व्हर्टर यांच्याभोवती हवा खेळण्यासाठी सोडलेली जागा रिकामी म्हणजे फुकट गेलेली, असा अनेकांचा समज असतो आणि मग तिथे चादरी कोंबल्या जातात. ही जागा साठवणीची नाही. तिला लाकडी जाळी लावून वेगळी काढावी, म्हणजे घाईत कोणीही तेथे काही ठेवणार नाही. कड्यांच्या बाबतीत, लोहचुंबकाची कडी प्रवासातील हादऱ्यांनी उघडते आणि कॅम्पर उघडल्यावर सगळी भांडी जमिनीवर मिळतात. बटण दाबून उघडणारी कडी थोडी महाग असली तरी तीच घ्यावी.

बाहेरून उघडणारी झडप हा याच कल्पनेचा पुढचा टप्पा आहे. बाहेरील भिंतीत कुलपाची तयार झडप बसवली की खुर्च्या, दोर, पाण्याची नळी, खुंट्या असे बाहेरचेच सामान आत न आणता बाकाखालच्या पेटीत सरळ ठेवता येते, आणि छत न उचलता, रस्त्यातल्या थांब्यावरही काढता येते. सोय मोठी आहे. तरीही या बदलाला मी साडेतीनच गुण देतो, कारण पॉप-अप कॅम्परच्या आयुष्याचा खरा शत्रू पाणी आहे आणि भिंतीतील प्रत्येक नवे भोक ही त्याला दिलेली वाट असते. पत्र्याच्या किंवा फायबरच्या पातळ आवरणामागे लाकडी सांगाडा असतो. त्यात शिरलेले पाणी बाहेरून दिसत नाही आणि दिसते तेव्हा लाकूड कुजलेले असते. झडपेच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ रबरी चिकट पट्टी, लावून स्क्रू आवळावेत आणि वरच्या व बाजूच्या कडांना कॅम्परसाठीचे सीलंट द्यावे. खालची कड मोकळी ठेवल्यास चुकून शिरलेले पाणी निघून जाते. घरात न्हाणीघरासाठी वापरतात ते सिलिकॉन येथे टाळावे, कारण ते सुटू लागले की त्याच्या उरलेल्या थरावर दुसरे काहीच नीट चिकटत नाही. ज्याला दर हंगामाच्या सुरुवातीला या कडा तपासण्याचा कंटाळा आहे, त्याने झडपेच्या वाटेला जाऊ नये.

पुढच्या दांडीवर, म्हणजे कॅम्पर आणि मोटार यांना जोडणाऱ्या त्रिकोणी चौकटीवर, बसवायची ॲल्युमिनिअमची पेटी हे बाजारातील सर्वांत लोकप्रिय साधन आहे आणि तिची उपयुक्तताही खरी आहे: पाऊस लागत नाही, कुलूप लागते, मळके सामान आत येत नाही. परंतु तिचे मूल्यमापन तिच्या लिटरमधील आकारावरून करणे चुकीचे ठरेल. जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे मोटारीमागे ज्याला कॅम्पर अडकवतात त्यावर, येणारा भार कॅम्परच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेत प्रचलित संकेत आहे. युरोपमध्ये यापेक्षा कमी, ५ ते ७ टक्क्यांचे प्रमाण मानले जाते, आणि मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा दोन्हीकडे अंतिम असते. आता हिशेब पाहावा. आसापासून जोडणीपर्यंतचे अंतर साडेतीन मीटर असेल आणि पेटी आसाच्या अडीच मीटर पुढे असेल, तर पेटीसकट ४० किलो सामानापैकी सुमारे २८.५ किलो भार थेट जोडणीवर येतो. भरलेल्या ८०० किलोंच्या कॅम्परसाठी योग्य भार ८० ते १२० किलो धरला, तर एका पेटीने त्यातील पाव ते तृतीयांश वाटा एकटीने उचलला. लहान मोटारीची मर्यादा येथे सहज ओलांडली जाते आणि मोटारीची पाठ बसून पुढची चाके हलकी होतात.

म्हणून काही जण सामान मागच्या बंपरवर हलवतात, आणि हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट आहे. बैलगाडीत ओझे आसाच्या मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. कॅम्परमध्ये तेच घडते, फरक इतकाच की येथे वेग बैलांचा नसतो. आसाच्या २.१ मीटर मागे टांगलेल्या ३० किलो सामानामुळे जोडणीवरचा भार १८ किलोंनी घटतो, आणि भार कमी झालेला कॅम्पर महामार्गावर शेपटासारखा दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागतो. त्यातच अनेक पॉप-अप कॅम्परचे मागचे बंपर असा भार वाहण्यासाठी बनवलेलेच नसतात.

पुढच्या पेटीकडे परत यायचे तर, ती घेताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पुढचा पलंग नेमका याच दांडीच्या वर बाहेर सरकतो, त्यामुळे पेटी त्याखाली बसली पाहिजे आणि पलंग उघडा असतानाही तिचे झाकण उघडता आले पाहिजे. बऱ्याच पेट्या या दुसऱ्या कसोटीवर नापास होतात. छत उचलणाऱ्या विंचचा दांडा फिरवायला हात मोकळा राहिला पाहिजे. आणि वळणावर मोटारीचा कोपरा किंवा थांबल्यावर तिचा मागचा दरवाजा पेटीला लागता कामा नये. सगळे नीटनेटके दिसावे म्हणून गॅस सिलिंडरही या पेटीत बंद करण्याचा मोह काहींना होतो. प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर वायू तळाशी साचतो. तळाला मोकळी छिद्रे नसलेल्या पेटीत सिलिंडर ठेवणे निव्वळ धोक्याचे आहे, आणि लेड-ॲसिड बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हलका असल्याने तिला वरच्या बाजूने वाट लागते. दोघांना एका बंद पेटीत तर मुळीच ठेवू नये. या सगळ्या अटी पाळून, आत फक्त हलके सामान ठेवणार असाल तर पेटीला चार गुण. अवजारे आणि लोखंडी खुंटे भरणार असाल तर दोन.

छतावरच्या कॅरिअरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छत एका विंचने, कॅम्परच्या तळाखालून जाणाऱ्या तारांच्या साह्याने, चार कोपऱ्यांतील सरकत्या खांबांवर उचलले जाते. या यंत्रणेचा हिशेब छताच्या स्वतःच्या वजनाचा असतो. वर भार ठेवून छत उचलल्यास तारांवर ताण येतो, आणि भार असमान असेल तर एक कोपरा मागे राहून खांब अडकतात. म्हणजे प्रत्येक मुक्कामी आधी सामान उतरवायचे, मग छत उचलायचे, आणि निघताना उलट क्रम. पावसात हे करताना कॅरिअरची सोय कोणालाच आठवत नाही. निर्मात्याने भारक्षमता स्पष्ट दिलेली असेल आणि वर फक्त सायकली किंवा हलकी होडी न्यायची असेल, तर ठीक. नंतर स्क्रू मारून बसवलेल्या कॅरिअरला मी एक गुण देतो.

कापडी कप्पे मात्र अपेक्षेपेक्षा सरस ठरले. दारामागे लटकवायचे चपलांचे कप्पे, पलंगाच्या कमानीला अडकवायच्या जाळीच्या पिशव्या, घडी घालता येणारे कापडी रकाने, यांचे वजन नगण्य असते आणि बंद करताना ते चपट होऊन गाद्यांवर झोपतात. चष्मा, विजेरी, औषधे, पुस्तके अशा बारीक वस्तू बाकाखालच्या पेटीत हरवतात, त्यांचे खरे स्थान येथे आहे. एक पथ्य पाळावे. कप्पा कॅनव्हासला टेकून लटकवू नये, कारण रात्री श्वासातील वाफ थंड कॅनव्हासवर पाणी होऊन उतरते, टेकलेले कापड ते शोषून घेते आणि सकाळी घाईत बंद केलेल्या कॅम्परमध्ये त्याच ठिकाणी बुरशी धरते. जाळीदार कापड या कारणानेही बंद कापडापेक्षा चांगले. चिकटपट्टीवरचे हुक उन्हात तापलेल्या भिंतीवरून एकामागोमाग गळून पडतात. लाकडी चौकटीत मारलेले छोटे स्क्रू-हुक टिकतात. दोन खांबांच्या मध्ये ताणून बसवायच्या स्प्रिंगच्या दांड्याही कपडे लटकवण्यासाठी विकल्या जातात, पण ओले जॅकेट अडकवताच त्या घसरतात.

सर्वाधिक जागा देणारा बदल विकत घेता येत नाही, तो म्हणजे काही गोष्टी काढून टाकणे. अनेक कॅम्परमध्ये आतली शेगडी, छोटे सिंक, हीटर आणि क्वचित शौचालयाची पेटी अशी यादी असते आणि स्वयंपाक प्रत्यक्षात बाहेरच्या शेगडीवरच होतो. आतली शेगडी आणि सिंक काढल्यास ओट्याखालचे पूर्ण कपाट मोकळे होते, वजन घटते आणि ते घटलेले वजन सामानाच्या वाट्याला येते. गॅसची नळी उघडी सोडून किंवा टेप गुंडाळून हे काम करू नये; नळीचे टोक जाणकाराकडून योग्य बुचाने बंद करून साबणाच्या पाण्याने गळती तपासून घ्यावी. थंडीत कॅम्पिंग करणाऱ्यांनी हीटर काढण्याची घाई करू नये. काढलेले सर्व भाग जपून ठेवावेत, कारण पुढचा खरेदीदार त्यांच्याविषयी विचारतोच.

जड वस्तूंसाठी मला सर्वांत योग्य वाटलेली जागा कोणत्याही विक्रेत्याच्या यादीत नाही: प्रवासात रिकामी असणारी कॅम्परच्या आतली मधली जमीन. ती आसाच्या जवळ असल्याने तेथील भार जोडणीवर फारसा परिणाम करत नाही. पाण्याचे कॅन, अवजारे, डबाबंद अन्न कमी उंचीच्या झाकणाच्या पेट्यांत भरून तेथे ठेवावे आणि जमिनीत बसवलेल्या कड्यांना पट्ट्याने बांधावे. मुक्कामी पोहोचल्यावर त्या बाहेर किंवा बाकाखाली जातात. बंद कॅम्परच्या आत छत न उचलता शिरता येत नाही, पण दाराचा खालचा अर्धा भाग वेगळा उघडत असेल तर तेथून हात जातो, म्हणून वाटेत लागणारी वस्तू त्या दाराशी ठेवावी. हे सर्व झाल्यावर नेहमीचे सामान भरून कॅम्पर एकदा वजनकाट्यावर नेणे आणि जोडणीवरचा भार वेगळा मोजणे आवश्यक आहे. टायरच्या कडेवर छापलेली भारक्षमता आणि प्रत्यक्ष वजन यांच्यात किती अंतर उरले, हेही तेव्हाच पाहावे.

लांब वस्तूंसाठी चौकटीखाली १०० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप दोन्ही टोकांना बूच लावून बसवण्याची पद्धत स्वस्त आणि चांगली आहे. तंबूचे खांब आणि सांडपाण्याची नळी त्यात नीट मावतात. तळाशी एक छोटे छिद्र पाडावे आणि खांब व नळी यांना वेगवेगळे पाइप द्यावेत.

ओल्या सामानाला मात्र यांतला एकही बदल पुरा पडत नाही. भिजलेली चांदणी, चिखलाचे बूट, ओले टॉवेल बाकाखालच्या बंद पेटीत ठेवले तर दोन दिवसांत संपूर्ण कॅम्परला कुबट वास येतो, आणि पुढच्या पेटीत ठेवले तर तेथील इतर सामान भिजते. सध्या तरी त्यांच्यासाठी मोटारीच्या डिकीत एक झाकणाची प्लास्टिकची पेटी मोकळी ठेवणे हाच चालणारा मार्ग दिसतो.